रुसलेल्या सरदाराकडे कसं जावं

राज्य तलवारीनं मिळतं आणि सरदारांमुळे टिकतं, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतसुद्धा सांगेन. 'रणगादी' खेळायला आलेला प्रत्येक नवखा आधी तलवार परजतो. भाला कसा फेकायचा, घोड्यावरून वार कुठं करायचा, ढाल कधी उचलायची, हे शिकण्यात महिने घालवतो आणि पहिला गड घेतला की छाती फुगवून बसतो. मग शेजारचा राजा चाल करून येतो आणि ह्याच्या मदतीला कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा ही मंडळी माझ्याकडं येतात. मी वैजयंती, राहणार पुणे, धंदा राज्य उभं करायचा सल्ला देण्याचा. माझं बोलणं ऐकायला रोज हजारो लोक जमतात आणि मला 'बाईसाहेब' म्हणतात. घरात मला कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा सल्ला साधा असायचा. पहिला गड डोंगरावरचा घेऊ नका, नदीकाठची गढी घ्या. डोंगरावर रुबाब असतो, पण धान्य खालीच पिकतं. जिंकलेला मुलूख स्वतःकडं दाबून ठेवू नका. गाव द्यायचं तर लहान सरदाराला द्या, मोठ्याचं पोट आधीच भरलेलं असतं आणि त्याला कितीही द्या, ते त्याला आपलंच वाटतं. दोन सरदारांचं वैर असेल तर मिटवायला जाऊ नका, फक्त त्यांना एका पंगतीला शेजारी बसवू नका. आणि लढाईला निघताना सगळ्यांना जासूद पाठवा. पडद्यावर एक बटण आहे, ते दाबलं की चारी दिशांना घोडेस्वार सुटतात आणि राजाला जागचं हलावं लागत नाही.

घात केला तो ह्या शेवटच्या सल्ल्यानं.

लातूरचा झुबेर हा माझा जुना चेला. दातांचा डॉक्टर आहे. पेशंटचा जबडा उघडा ठेवून हा मनात वेढे घालत असतो, असा मला दाट संशय आहे. एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"बाईसाहेब, जासूद पाठवले. कुणीच आलं नाही."

"कुणीच म्हणजे?"

"रायाजीपण नाही."

रायाजी हा झुबेरचा पहिला सरदार. माणूस नव्हे, खेळातलं पात्र. पण झुबेरनं त्याला माझ्या डोळ्यांदेखत एका पडक्या गढीतून वर आणला होता.

"विचारलंस का त्याला, काय झालं म्हणून?"

"विचारलं ना. म्हणाला, 'आमचं काय, आम्ही आहोतच.'"

ज्या मराठी घरात हे वाक्य बोललं जातं, तिथं कुणीतरी आतून पेटलेलं असतं. आपल्याकडं खरा रागावलेला माणूस 'मी रागावलोय' असं कधी म्हणतो का? तो 'आमचं काय' म्हणतो आणि पानावरून उठतो.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या खेळांत सरदाराची निष्ठा हा एक आकडा असायचा. घोडा दिला की आकडा वर, गाव काढून घेतलं की खाली. 'रणगादी'नं तो आकडाच काढून टाकला. तिथल्या सरदाराला आठवणी असतात. प्रत्येक प्रसंग त्याच्यात साठतो आणि त्या प्रसंगाला वजन असतं. काही प्रसंग काळाबरोबर हलके होतात, काही उलट जड होत जातात, अगदी तुमच्याआमच्यासारखेच. आणि कुठल्या प्रसंगाला किती वजन द्यायचं, हे कुणी बसून ठरवलेलं नाही. खेळणारे सरदारांशी तोंडानं बोलतात, त्या बोलण्यातूनच ते शिकतात. खेळ सुरू करताना आपण न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यात हे लिहिलेलं असतं. प्रत्येक भाषेचं दालन वेगळं, म्हणून प्रत्येक भाषेचे सरदारही वेगळे घडत गेले. मराठी दालनातल्या सरदारांनी वर्षानुवर्षं मराठी माणसांचं बोलणं ऐकलं. मग दुसरं काय होणार? त्यांना मानपान कळायला लागलं.

झुबेरच्या पडद्यावरून मी रायाजीशी स्वतः बोलून पाहिलं. आडवळणानं, लग्नघरात बोलतात तसं. शेवटी तो म्हणाला, "जासूद आला होता. राजे आले नाहीत." बस, एवढंच.

मी झुबेरला म्हटलं, "ऊठ. तुझा राजा घोड्यावर बसव आणि रायाजीच्या गढीवर जा. एकटा जा."

"माझा गड उघडा पडेल की."

"पडू दे."

तो गेला. आणि रायाजी सगळं पथक घेऊन निघाला.

ह्यामागचं शास्त्र मी नंतर वाचून काढलं. जीवशास्त्रवाल्यांना आणि अर्थशास्त्रवाल्यांनाही ते कधीचं ठाऊक आहे. मोराचा पिसारा त्याला पळताना अडचणच करतो. तरीही तो मिरवतो, म्हणजे अंगात दम असणार, असं लांडोर ओळखते. जी खूण करणाऱ्याला महागात पडते, तिच्यावरच विश्वास बसतो. फुकटात करता येणारी खूण कुणीही करेल. सरदार नेमका तोच हिशेब मांडायला शिकले होते: माझ्यासाठी राजानं काय सोडलं? जासूद पाठवायला काहीच सोडावं लागत नाही. स्वतः यायला गड सोडावा लागतो.

मग काय, मी ह्यावर एक धडाच रचला. 'रुसलेल्या सरदाराकडे कसं जावं.' एकटं जावं, पथक नेऊ नये. आत बोलावलं नाही तर उंबऱ्यावर बसावं. सरदार टोचून बोलला तर ऐकून घ्यावं, उलट उत्तर देऊ नये. रुसलेल्याशी भांडलात की तो शत्रूच्या गोटात गेलाच म्हणून समजा. आणि विडा-नारळ विसरू नये. धडा तुफान गाजला. अख्ख्या मराठी दालनात राजे उंबऱ्यांवर बसायला लागले.

दिवाळी येईतो लोकांनी त्यातही पळवाट काढली. आपली जातच तशी. कुणीतरी राजाचा तोतया बनवला. राजा गडावर, तोतया सरदाराच्या दारी. तोच चेहरा, तीच चाल, तोच आवाज. थोडे दिवस चाललं आणि मग सरदार पुन्हा रुसून बसले. झुबेरनंही मला न विचारता तोतया पाठवला होता. रायाजी त्याला म्हणाला, "राजे माझ्या दारात होते, तेव्हा गडावरच्या दिव्याच्या उजेडातही राजेच दिसत होते. मग माझ्याकडं कोण आलं होतं?"

मी झुबेरला झाड झाड झाडलं. म्हटलं, "अरे, येणं स्वस्त केलंस की त्याची किंमतच गेली. एवढंही कळत नाही?"

हे मी त्याला म्हणत होते, आणि शेजारच्या खोलीत माझा कारभारी माझ्याच आवाजात माझ्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं करत होता.

कारभारी म्हणजे तोच यांत्रिक नोकर, जो आता घरोघर असतो. आपल्या आवाजात फोन करतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, आजाऱ्याची चौकशी करतो आणि संध्याकाळी दोन ओळींत सांगतो की आज कुणाकुणाशी काय बोललो. मीही ठेवला होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गडहिंग्लजला छायावहिनी आणि माझा मोठा भाऊ, उत्तमदादा. एसटीत वाहतूक नियंत्रक होता, आता निवृत्त. त्याच्याकडचं बोलणंही कारभारीच बघायचा. संध्याकाळच्या ओळीत यायचं, 'दादांशी बोलणं झालं. सर्व ठीक.'

लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी आर्वी, माझी लेक, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मामा येणार नाही."

"कोण म्हणालं?"

"मामींचा फोन होता. मामाची पाठ दुखतेय म्हणे. त्याला म्हटलं की म्हणतो, 'आमचं काय, आमचे आशीर्वाद आहेतच.'"

ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आर्वी गप्प बसणाऱ्यातली नाही. "मला बोहल्यावर मामाच आणणार. भटजी 'मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणतील तेव्हा दुसरं कुणी हात धरायला आलं तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. सांगून ठेवते."

"येईल गं तो. पुढच्या रविवारी जाते मी. साडी, नारळ, अक्षत, सगळं घेऊन रीतसर जाते."

"तुझ्या धड्याप्रमाणं?" ती म्हणाली. मला झोंबलं.

त्या रविवारच्या आधीचा रविवार झुबेरच्या महासंग्रामाचा होता. वर्षातली सगळ्यात मोठी लढाई. मी कानाला यंत्र लावून बसले होते. झुबेरची फौज नदी उतरत होती आणि रायाजीची वाट बघत होती. तेवढ्यात आर्वी आली आणि तिनं माझा एक कान मोकळा करून हातात फोन ठेवला. "हे ऐक आधी. कारभाऱ्यानं जपून ठेवलंय. भाऊबीजेचं."

दादाचा आवाज होता. "वैजे, छायाचा गुडघा बदलला गं. मिरजेला नेली होती. एकट्यानंच केलं सगळं. लई घाबरलो बघ."

मग माझा आवाज आला. मऊ, गोड, तुपातला. "दादा, तुझी किती धावपळ झाली असेल. वहिनींना पुरेशी विश्रांती मिळू दे. आणि तू स्वतःचीही काळजी घे."

मग दादा म्हणाला, "बरं. ठेवतो."

माझा भाऊ घाबरला होता, ते त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी तिथं नव्हते. वर माझाच आवाज त्याला विश्रांतीचे सल्ले देत होता.

"बाईसाहेब," झुबेर कानात ओरडत होता, "उजवी बगल उघडी पडली. काय करू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी भावाकडं चाललेय." आणि यंत्र काढून ठेवलं.

गाडीची चावी घेतली, पायात सापडल्या त्या चपला सरकवल्या आणि निघाले. गाडी आपली आपण चालते; मी नुसती तळमळत बसले. सातारा गेलं, कोल्हापूर गेलं, निपाणी गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य मला माझ्या धड्यातलंच वाटत होतं.

गडहिंग्लजला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दार उघडंच होतं. छायावहिनी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांचं ते चालणं बघून माझा जीव कासावीस झाला.

"अगं बाई, वन्सं," त्या म्हणाल्या. "कळवलं न्हाईसा. या की आत."

आत खोलीत दादा पाठमोरा बसला होता. वळला नाही. मला आत जायचा धीर होईना, आणि बसून बसून पाय गेले होते, म्हणून मी उंबऱ्यावरच टेकले.

"वा," दादा तसाच पाठमोरा म्हणाला. "एकटी आलीस. पथक न्हाई आणलं. आत बोलावलं न्हाई तर उंबऱ्यावर बसलीस. आता मी टोचून बोलायचं आणि तू ऐकून घ्यायचं. बरोबर का, बाईसाहेब?"

तेव्हा मला त्याच्यासमोरचा पडदा दिसला. पडद्यावर 'रणगादी'. एक छोटीशी नदीकाठची गढी, दारात घोडे, आणि दादाच्या गळ्यात कानाचं यंत्र.

"तू खेळतोस?"

"तीन वर्षं झाली. तुझं एकूणएक बोलणं ऐकतो. बहिणीचा खरा आवाज तेवढाच तर ऐकायला मिळतो." आता तो वळला. "तुझे सरदार रुसायला कुठं शिकले, ठाऊक हाय? मी शिकवलं. रोज सांजचं माझ्या सरदाराशी बोलत बसतो. सांगतो त्याला, आम्हाला बहीण हाय, पण ती आता यंत्र पाठवती. तो ऐकून घेतो बिचारा."

"तुझ्या एकट्याच्या बोलण्यानं अख्खं दालन रुसलं होय?"

"एकट्याच्या न्हाई," दादा म्हणाला. "माझ्यासारखे लई असतील."

इतके दिवस मी जे कोडं म्हणून सोडवत होते, तो कुठल्या कुठल्या घरांतल्या माणसांचा साठलेला राग होता. मी त्याच्यावर धडा रचून टाळ्या घेतल्या होत्या.

"भाऊबीजेला तरी तू असशील वाटलं हुतं, पण यंत्र हाय ते कळलंच," दादा पुढं म्हणाला. "लई गोड बोललीस. तू एवढं शांतपणं ऐकून घेणारी न्हाईस."

आणि माझा तोल गेला. धड्यात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उलट उत्तर देऊ नये. गेला तो धडा चुलीत.

"कळलं होतं ना? मग तिथंच शिवी का नाही घातलीस? दुसऱ्या मिनिटाला फोन करून 'वैजे, मेलीस का' असं का नाही विचारलंस? गाडी फलाटाला लागली नाही तर अख्ख्या स्टँडला ओरडून सांगणारा माणूस तू. वहिनीचं ऑपरेशन झालं, तू घाबरलास, आणि सख्ख्या बहिणीला सांगायला तोंड नव्हतं? मिरजेला जायच्या आधी सांगायचं. मी आले असते. उशाशी बसले असते, तुझ्याशी भांडले असते, पण आले असते. ते सोडून इथं बसून खेळातल्या बाहुल्याला माझी गाऱ्हाणी सांगतोस? लाज वाटते का?"

बोलता बोलता मला रडू फुटलं, तरी तोंड थांबलं नाही. लहानपणापासून वहिनीच्या काठीपर्यंत सगळं काढलं. आईच्या वेळचंही काढलं. छायावहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या, मध्ये पडल्या नाहीत.

दादानं गळ्यातलं यंत्र काढून ठेवलं. "झालं?"

"नाही झालं. आर्वी म्हणते, मामा नसेल तर ती खोलीबाहेर येणार नाही. तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"बोलवायला आलीस, तर अक्षत कुठं हाय?"

मी पर्समध्ये हात घातला. चष्मा होता, गोळ्या होत्या, एक कंगवा होता. अक्षत नव्हती. नारळ नाही, साडी नाही, वहिनीसाठी एक फूलही नाही. ज्या बाईनं अख्ख्या महाराष्ट्राला विडा-नारळ विसरू नका म्हणून शिकवलं, ती रिकाम्या हातांनी आमंत्रणाला आली होती. पायांकडं लक्ष गेलं तर एक चप्पल माझी होती आणि एक आर्वीची.

दादानं पर्समधून बाहेर आलेल्या माझ्या हाताकडं बघितलं, मग चपलांकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"सल्ला देणारी बाई अशी आली नसती," तो वहिनीला म्हणाला. "ही आमची वैजीच हाय."

छायावहिनी काठी टेकत आत गेल्या आणि वाटीत मूठभर तांदूळ घेऊन आल्या. त्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि वाटी माझ्या हातात दिली. मी उठले. डोळे पुसले, दादासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, आर्वीचं लग्न आहे. तुम्ही दोघांनी यायचं."

त्यानं हात पुढं केला. तांदूळ तळहातावर घेतले, बघत राहिला.

"माझ्याच घरातले तांदूळ," म्हणाला, "आणि मलाच अक्षत." त्याचे डोळे भरले होते. "छाया, हिला जेवायला वाढ. सकाळपासून काय खाल्लं नसंल हिनं."

येतो असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

झुबेरचा गड त्या दिवशी गेला. रायाजी आला, पण उशिरा. अजूनही लोक विचारतात, बाईसाहेब, ऐन लढाईतून उठून गेलात, एवढं काय होतं? रुसलेल्याला मनवायची नवी युक्ती सापडली असेल तर सांगा. मी सांगत नाही. जुना धडाही मी काढून टाकला. चप्पल चुकवून, अक्षत विसरून जा असं मी सांगितलं, तर उद्या अख्ख्या दालनातले राजे दोन वेगळ्या चपला घालून निघतील आणि सरदारांना आठवड्यात ते कळेल. कारभाऱ्यालाही मी आता फक्त विजेच्या बिलापुरता ठेवलाय. नातेवाइकांचे फोन मीच करते. निम्मे विसरते आणि त्यावरून बोलणीही खाते.

लग्नात भटजींनी "मुलीच्या मामांनी..." म्हणेपर्यंत दादा खोलीच्या दारात कधीचा फेटा बांधून उभा होता. आर्वीचा हात धरून निघाला आणि स्टँडवर गाडी सोडताना ओरडायचा त्याच आवाजात म्हणाला, "वाट सोडा, नवरी येतीय." सगळा मांडव हसला. आर्वी हसत हसत रडत होती. माझ्याशी मात्र पंगत बसेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पंगतीत झुबेरच्या शेजारी बसला होता. दोघं नदीकाठच्या गढीचं काहीतरी बोलत होते. मी वाढत वाढत त्याच्यापर्यंत गेले.

"वैजे," तो पानाकडं बघत म्हणाला, "जिलबी गार झालीय."

"मग नको खाऊस," मी म्हटलं.

दादानं पान पुढं सरकवलं. "दोन वाढ," तो म्हणाला.